झिजणे हेच ज्याचे काम, तो भाग ‘मूळचा’ कशाला हवा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत पुण्याच्या एका गृहस्थांचे जुन्या मोटारींविषयी पत्र आले होते. जुन्या गाडीचा एकेक भाग बदलत गेले की ती जुनी राहतच नाही, हल्लीचे हौशी लोक घरच्या घरी गाडी खोलून नवे सुटे भाग ठासतात आणि वारसा बिघडवतात, असा त्यांचा सूर होता. पत्र तळमळीने लिहिलेले आहे आणि रंग, सीटचे कापड, डॅशबोर्ड, हेडलाइट यांच्याबद्दल त्यांनी जे लिहिले ते मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्याच दमात त्यांनी ‘पुढच्या सस्पेन्शनचे मूळ भागसुद्धा’ असे लिहून टाकले. सस्पेन्शन म्हणजे चाकांना गाडीशी जोडणारी, खड्ड्यांचे हादरे झेलणारी जोडणी. तिथे मात्र गप्प बसवेना.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आयुष्यभर लेथ चालवले. आता शेड मुलाकडे आहे, एक कोपरा माझ्याकडे. त्या कोपऱ्यात १९५१ सालची दोन दारांची मॉरिस मायनर उभी असते. साइड व्हॉल्व्ह इंजिन, ९१८ सीसी, पन्हाळ्याचा चढ चढताना पुढच्या एसटीचा धूर सगळा आपल्यालाच मिळतो. वडिलांनी ती एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली होती. यंदाच्या हिवाळ्यात तिचे पुढचे सस्पेन्शन दोन्ही बाजूंनी सुटे केले आणि पुन्हा जोडले, ते सगळे घरीच. म्हणून लिहितो आहे ते हात काळे करून लिहितो आहे.

मायनरच्या पुढच्या बाजूला ना पाटे आहेत ना गुंडाळीची स्प्रिंग. फरशीखाली लांबीच्या दिशेने दोन पोलादी सळया असतात, त्याच टॉर्शन बार. सळईचे पुढचे टोक खालच्या आर्ममध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्यात, दात्यांनी अडकलेले, मागचे टोक गाडीखालच्या आडव्या क्रॉस मेंबरमध्ये जखडलेले. चाक वर गेले की सळई पिळली जाते, खड्डा संपला की पीळ सुटतो. वरचा आर्म म्हणजे शॉकअपचाच दांडा. या दोन आर्मच्या मधे उभी असते किंगपिन, जिच्यावर चाक वळते. आपल्या अ‍ॅम्बॅसिडरलाही पुढे टॉर्शन बारच होते, त्यामुळे जुन्या मिस्त्रींना हे सगळे डोळे झाकून कळते. बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात अ‍ॅम्बॅसिडर २०१४ साली बंद झाली. नव्या पोरांनी ते बार पाहिलेलेच नाहीत.

आता मुद्द्याचे. मायनरच्या किंगपिनला वर आणि खाली दोन्हीकडे आटे कापलेले असतात आणि त्या आट्यांवर ट्रनियन नावाचे एकेक ठोकळेवजा नट बसतात. स्टिअरिंग वळवले की पिन या आट्यांमध्ये फिरते. म्हणजे बेअरिंग नाही, बुश नाही, आटे हेच बेअरिंग. गाडीच्या उजव्या बाजूचे आटे उजवे आणि डाव्या बाजूचे डावे. बाजू बदलून ट्रनियन बसवायला गेलात तर एक फेराही जाणार नाही. गाडी आखणाऱ्यांनी किती विचार केला होता ते इथे दिसते.

आणि भार कुठे येतो ते बघा. चाक जमिनीवर टेकलेले, पिन चाकाला धरलेली, गाडीचे वजन मात्र आर्ममधून खाली दाबते. म्हणजे खालचा ट्रनियन पिनवर अक्षरशः टांगलेला असतो. गाडीच्या त्या कोपऱ्याचे सगळे ओझे त्या आट्यांच्या एकाच अंगावर, आणि वर स्टिअरिंग वळले की तेच अंग घासतेही. ग्रीस असेपर्यंत ठीक. ग्रीस सुकले, माती-पाणी आत गेले की आट्यांचे शेंडे पातळ होत जातात. बाहेरून काही दिसत नाही. वरून काळे ग्रीस, त्यावर धूळ, सगळे कसे ‘मूळचे’.

माझ्या गाडीचा डावीकडचा खालचा ट्रनियन रॉकेलात धुतला, उलटा धरला आणि आत बॅटरी मारली. एका अंगाने आटे कापलेले होते तसे भरदार, दुसऱ्या अंगाने शेंड्यांना धार आलेली. बोट फिरवले तर कातडी सोलेल अशी. पिनवर चढवला तर छान गोल फिरत होता, पण धरून ओढला की वर-खाली खुळखुळत होता. माझ्या शेडमध्ये असा नट कुणी गिऱ्हाईकाला दिला असता तर मी त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेतला नसता. आणि पत्रलेखक म्हणतात हा जपून ठेवा.

जपून ठेवला तर काय होते तेही मी पाहिले आहे. लग्नाचे दिवस, एका मंगल कार्यालयाचे आवार. वरातीसाठी झेंडूच्या माळा घालून आणलेली मायनर, रंग असा की आरसा. नवरदेव अजून आत बसला नव्हता हे नशीब. चालक स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी मागे घेत होता, माणूस चालतो त्याच्याही निम्म्या वेगाने. कट्ट असा आवाज झाला आणि पुढचा डावा कोपरा खाली बसला. चाक मडगार्डमध्ये आडवे. खालचा ट्रनियन पिनवरून उपसून निघाला होता. लोक म्हणाले एक्सल तुटला. काही तुटले नव्हते, आटे संपले होते. मायनरच्या बाबतीत हे पुष्कळदा असेच कमी वेगात, पूर्ण वळणावर होते. हेच भोगावतीच्या पुलावर झाले असते तर आपल्याला त्याची बातमी छापावी लागली असती.

तपासायचे कसे हे सांगतो, कारण त्याला मेकॅनिक लागत नाही. पुढचे चाक जॅकने अधांतरी करायचे, गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी टेकूवर, टेकवायची. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवायचे. झोल लागला तर लगेच ट्रनियनला दोष देऊ नये, हबचे बेअरिंगही ढिले असू शकते. मग दुसऱ्या माणसाला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगायचे. आमच्याकडे हे काम सूनबाई करतात, ‘बाबा, सोडू का आता?’ असे तीनदा विचारून. ब्रेक दाबल्यावर झोल गेला तर बेअरिंगचा होता. तरीही राहिला तर पिन आणि ट्रनियनकडे बघा. नंतर टायरखाली पहार घालून चाक उचलून पाहायचे. वर-खाली टक्‌टक् लागली की आट्यांचा निकाल लागला असे समजायचे.

घरी जोडणी करू नये असे मात्र मी अजिबात म्हणणार नाही. उलट माझे मत असे की हे काम गॅरेजपेक्षा घरीच बरे होते, कारण गॅरेजवाल्याला संध्याकाळपर्यंत गाडी बाहेर काढायची असते. मात्र काही गोष्टी ठाऊक हव्यात.

टॉर्शन बार काढताना त्यावर सेंटर पंचने खूण करू नये. लेथवाल्याचा हात सवयीने पंचाकडे जातो, पण पिळल्या जाणाऱ्या सळईला एवढासा ओरखडासुद्धा नको. तडा तिथूनच सुरू होतो. रंगाचा पट्टा मारावा. पट्टा दात्यांवरून आर्मवर ओलांडून जाईल असा, म्हणजे परत बसवताना दाता चुकत नाही. आणि डावा बार डावीकडेच, उजवा उजवीकडेच. वर्षानुवर्षे एका दिशेने पीळ खाल्लेली सळई दुसऱ्या दिशेने पिळायला लावणे म्हणजे ती मोडायला लावणे.

ट्रनियन पिनवर चढवायचे ते बेंचवर, गाडीखाली पडून नव्हे. आटे रॉकेलाने धुवून, हवा मारून, नवे रबरी सील घालून, हाताने ग्रीस भरून. ट्रनियन शेवटपर्यंत फिरवून नेला आणि तसाच सोडून दिला तर स्टिअरिंग पूर्ण वळायच्या आत तो अडतो. म्हणून पूर्ण चढवून मग साधारण एक फेरा परत घ्यायचा आणि पिन दोन्ही दिशांना जितकी वळणार तितकी वळवून पाहायची. कुठेही जड लागता कामा नये. इथे घाई करणाऱ्याचा मला राग येतो. सगळ्या कामात हातांना सुख देणारी जागा हीच आहे. नवे आटे, नवे ग्रीस, आणि पिन एका बोटाने फिरते पण वर-खाली केसभर हलत नाही.

पुढे खालचा ट्रनियन आर्ममध्ये अडकवायचा आणि आर्म जॅकने उचलत न्यायचा, वरचा ट्रनियन शॉकअपच्या दांड्याला भेटेपर्यंत. इथे धोका आहे. आर्म उचलला जातो तसा बार पिळला जातो, म्हणजे जॅकवर आता नुसते लोखंड नाही, ताणही आहे. डोळा जॅकवर नको, घोडीवर हवा. गाडी घोडीवरून किंचित जरी उचलली जाऊ लागली तरी थांबायचे. जॅक सपाट तळाचा, आर्मखाली लाकडी फळी, आणि चाकाच्या जागेच्या खाली पाय तर सोडाच, पानासुद्धा ठेवायचा नाही. ब्रेकची रबरी नळी जोडलेली असेल तर सगळे धूड तिच्यावर लोंबकळू देऊ नये, तारेने चॅसीला बांधून ठेवावे. आमच्या गल्लीतले वयस्क मिस्त्री चहाला आले होते, त्यांनी एकच वाक्य उच्चारले, ‘शेठ, बार ओळख ठेवत नाही.’ आणि बशीतला चहा संपवून निघून गेले.

शॉकअप बसवण्याआधी तेल भरून दांडा हाताने वर-खाली करावा. दोन्हीकडे सारखा जड जायला हवा. मधेच कुठे मोकळा पडला तर आत हवा आहे. स्प्लिट पिना नव्याच घालाव्यात, जुन्या सरळ करून घालण्यात जो पैसा वाचतो त्यात कटिंग चहासुद्धा येत नाही.

आणि सगळ्यात जास्त चुकते ते शेवटी. आर्मच्या आतल्या टोकाला आणि वरच्या ट्रनियनला रबरी बुश आहेत. गाडी घोडीवर असताना, चाके लोंबत असताना हे नट आवळून टाकले तर बुश त्याच लोंबत्या स्थितीत पकडले जातात. गाडी खाली टेकली की ते कायमचे पिरगळलेले राहतात आणि थोड्याच दिवसांत फाटतात. मग लोक म्हणतात, नव्या रबरात दम नाही. नट आधी हातघट्ट ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढे-मागे ढकलायची, बॉनेटवर दोन-चारदा जोर देऊन बसवायची आणि मग आवळायचे. गाडीखाली घुसून हात पुरवायला त्रास होतो हे खरे. पोट असलेल्या माणसाला जास्त. दोन्ही बाजूंची उंची टॉर्शन बारच्या मागच्या टोकाच्या पट्टीवर जुळवल्यानंतर अलाइनमेंट करायचे, आधी नाही. पुढच्या चाकांचा टो-इन, म्हणजे चाके पुढून जितकी आत झुकलेली हवीत ते माप, ३/३२ इंच, आमच्या भाषेत पाऊण सूत. अलाइनमेंटच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये मॉरिसचे नावच नव्हते. तो पोरगा गोंधळला. मी दोरी आणि पट्टीने मोजून घेतले.

आता नवे भाग कुठून आणले, हा प्रश्न. इथे कोल्हापूरकर म्हणून मला थोडे अभिमानाने आणि थोडे सावधपणे लिहावे लागेल. या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमाराला सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला. तेव्हापासून इथे ‘मिळत नाही’ म्हटले की ‘करूया की’ हेच उत्तर येते. डावे आटे कापणे मला काही अवघड नव्हते, ते मी हजारांनी कापले आहेत. तरी ट्रनियन मी केले नाहीत, विलायतेहून मागवले. मायनरचे भाग तिकडे अजून नवे बनतात. आटे मापात येणे वेगळे आणि ते कोणत्या पोलादात, किती कठीण करून कापले आहेत ते वेगळे. भंगारातल्या शाफ्टच्या तुकड्यातून केलेला ट्रनियन दिसायला चकाचक दिसेल, पण ज्याच्यावर गाडीचा कोपरा टांगायचा त्याच्या मटेरियलची खात्री हवी. ज्यांच्याकडे पोलादाची आणि उष्णता प्रक्रियेची नीट सोय आहे त्यांनी जरूर करावेत. नुसते लेथ असणाऱ्याने मोह टाळावा, मीही टाळला.

मूळ स्वरूपाचे म्हणाल, तर ही मोटार ज्यांनी आखली त्या अ‍ॅलेक इसिगोनिस यांचेच उदाहरण घ्या. १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात मायनर लोकांपुढे आली, त्याच्या थोडे आधी गाडी अरुंद वाटते म्हणून त्यांनी नमुन्याची गाडी मधोमध उभी कापायला लावली, दोन्ही तुकडे सरकवून चांगले वाटेपर्यंत अंतर ठेवले आणि रुंदी ४ इंचांनी वाढवली. बॉनेटच्या मधोमध जी सपाट पट्टी दिसते ती त्या ४ इंचांची. बंपर आधीच तयार झाले होते, तेही कापून मधे तुकडा जोडला. मूळ नमुनाच असा ठिगळाचा. पुढे याच माणसाने १९५९ साली मिनी आणली. त्यांना झिजलेल्या ट्रनियनबद्दल जिव्हाळा असता असे मला तरी वाटत नाही.

कायद्याचेही बघावे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांवरील दुचाकी-चारचाकींसाठी विंटेज नोंदणीचे नियम काढले. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००. गाडी मूळ स्वरूपात हवी असे त्यात आहेच. पण फेरफार म्हणून ज्यांचा उल्लेख आहे ते चॅसी, बॉडी शेल आणि इंजिन. त्याच मापाचा, त्याच आकाराचा, त्याच जागी बसणारा नवा ट्रनियन हा फेरफार नव्हे. रोजच्या वापराला या गाड्या न्यायच्या नाहीत, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन एवढ्यापुरत्याच रस्त्यावर आणायच्या, हेही त्याच नियमांत आहे. आणि तिथेच गोम आहे. रोज चालणाऱ्या गाडीचा आवाज बदलला की मालकाला कळते. वर्षातून दोनदा निघणाऱ्या गाडीचे ग्रीस आत बसून चिक्की होते. रॅलीच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंगच्या ठिकाणी जोराच्या पाण्याने खालून धुऊन काढतात, ते पाणी सीलमधून आत जाते, आणि मग वरून मेणाचे पॉलिश. माझी गाडी फार फिरत नाही, तरी मी १,००० किलोमीटरला, नाहीतर दर दिवाळी-पाडव्याला ग्रीस मारतो. चाक अधांतरी करून मारतो. गाडी उभी असताना मारले तर भाराचे अंग घट्ट दाबलेले असते, ग्रीस नेमके तिथेच पोहोचत नाही. खालून जुने काळे ग्रीस येणे संपून नवे पिवळे दिसेपर्यंत पंप मारायचा.

काढलेले जुने भाग मी फेकले नाहीत. धुऊन, तेल लावून, बाजू आणि तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह डब्यात ठेवले आहेत. ज्याला वारसा बघायचा असेल त्याने तो डब्यात बघावा, हातात घेऊन आट्यांवर बोट फिरवावे, हरकत नाही.

आपल्या वृत्तपत्राद्वारे जुन्या मोटारींच्या रॅली भरवणाऱ्या मंडळींना माझी एक विनंती आहे. निघण्याच्या ठिकाणी फुगे आणि ढोल असतात, परीक्षक गाडीभोवती फिरून क्रोम आणि बॅज बघतात. त्यांच्याबरोबर दोन ट्रॉली जॅक, चार घोड्या आणि एखादा निवृत्त एसटी मेकॅनिक ठेवावा. प्रत्येक गाडीची पुढची दोन चाके उचलून हलवून पाहावीत. झोल असलेली गाडी प्रदर्शनात खुशाल उभी करावी, बक्षीसही द्यावे, फक्त रस्त्यावर सोडू नये. मालक रागावतील. लांबून गाडी ट्रेलरवर घालून आणलेला माणूस रागावणारच. त्यासाठी ही तपासणी होणार हे निमंत्रणपत्रिकेतच छापावे, म्हणजे येणारा घरूनच चाक हलवून येईल. जॅक आणि घोड्या कोल्हापुरापुरत्या मी देईन, ने-आण आयोजकांची.

आपला,
एक निवृत्त लेथवाला
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर